नगरपरिषदेत तक्रार करायचीय? मग आधी हा क्रम नीट बघून घ्या

गटार तुंबलंय, नळाला गढूळ पाणी येतंय, खांबावरचा दिवा बंद आहे, आणि "नगरपालिकेला दहा वेळा सांगितलं, कोणी ऐकत नाही" ही सगळ्यांची तक्रार. आता ह्यातल्या बहुतेकांना विचारलं की अर्जाची पोच दाखवा, तर पोच नसते. वॉर्डातल्या मुकादमाला रस्त्यात सांगितलेलं असतं, नगरसेवकाला लग्नात गाठून सांगितलेलं असतं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकलेला असतो, आणि ऑफिसच्या रेकॉर्डला मात्र ह्यातलं काहीच नसतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय (दोन्ही १९६५ च्या एकाच अधिनियमाखाली चालतात). महानगरपालिका असेल तर अधिकाऱ्यांची नावं आणि रचना वेगळी, त्यामुळे तिथे हे जसंच्या तसं लागू करू नका.

## टप्पा १ : तुमचं काम नक्की कुठल्या प्रकारचं आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. लोक ज्याला "तक्रार" म्हणतात त्यात तीन वेगवेगळी कामं असतात आणि तिन्हींचा रस्ता वेगळा.

पहिलं म्हणजे दुरुस्ती किंवा देखभाल. असलेली गोष्ट बिघडलीय, जसं गटार तुंबलं, पाइप फुटला, दिवा गेला, कचरागाडी येत नाही. खरी तक्रार ही, आणि हा लेख मुख्यतः हिच्याबद्दल आहे.

दुसरं म्हणजे सेवा. नवीन नळजोडणी, घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव लावणं, थकबाकी नसल्याचा दाखला, जन्म-मृत्यूचा दाखला असलं. ह्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे, प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली असते आणि मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. गंमत म्हणजे नादुरुस्त मीटर, पाण्याचा कमी दाब, पाण्याची गुणवत्ता आणि अनधिकृत नळजोडणी ह्या पाण्याच्या तक्रारीसुद्धा नगरविकास विभागाच्या अधिसूचित सेवांच्या यादीत आहेत, आणि हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. ऑफिसात भिंतीवर लोकसेवांचा बोर्ड असतो, असायलाच पाहिजे, त्यावर सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याची तो) आणि अपिलीय अधिकारी लिहिलेले असतात. मोबाइलने त्या बोर्डाचा फोटो काढून ठेवा.

तिसरं म्हणजे नवीन काम. गल्लीत गटारच नाही, रस्ताच नाही, खांबच नाही. ह्याची तक्रार कितीही केली तरी पुढच्या आठवड्यात गटार होत नाही, कारण त्याला बजेटमध्ये तरतूद, अंदाजपत्रक, मंजुरी, टेंडर एवढं सगळं लागतं. इथे तक्रार अर्ज देऊ नका, मागणी अर्ज द्या, आणि तोही दिवाळीनंतर लगेच, म्हणजे एप्रिलपासूनच्या बजेटची जुळवाजुळव चालू व्हायच्या आत. मे महिन्यात नवीन गटाराची मागणी करणारे दरवर्षी भेटतात.

तपासून घ्या: "आधी चालू होतं, आता बंद आहे" असं म्हणता येतंय का? येत असेल तर दुरुस्ती. नसेल तर पुढे वाचण्याआधी ठरवा की सेवा मागताय की नवीन काम.

## टप्पा २ : काम कोणाचं आहे ते शोधा

चुकीच्या ऑफिसात दिलेला अर्ज कोणी फेकून देत नाही, पण "सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही" एवढं एक वाक्य यायला महिना लागतो.

दिव्यांचं उदाहरण घ्या. खांबावरचा दिवा बंद असेल, दिवसा चालू राहत असेल, तर ते नगरपरिषदेच्या विद्युत विभागाचं. पण तार लोंबकळतेय, खांब वाकलाय, डीपीमधून ठिणग्या पडतायत, तर ते महावितरणचं, आणि त्यासाठी १९१२ नंबर आहे, तिथे लगेच फोन करा, अर्ज बिर्ज नंतर. बिलाचा किंवा सप्लायचा वाद असेल तर महावितरणची स्वतःची उतरंड आहे, आधी त्यांच्याच ऑफिसात तक्रार, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, मग विद्युत लोकपाल. नगरपरिषदेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

रस्त्यांचं तसंच. गावातून जाणारा मुख्य रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असतो. गल्लीबोळ नगरपरिषदेचे. पाणी काही गावांत महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवतं, तिथे बिलावर त्यांचंच नाव असतं, म्हणून बिल बघा, अंदाज करू नका.

आता नगरपरिषदेच्या आतली वाटणी, कारण घोटाळा इथेही होतो. गटारातला गाळ काढणं हे आरोग्य किंवा स्वच्छता विभागाचं काम, पण गटार फुटलंय, त्याची फरशी तुटलीय, उतार चुकलाय, हे बांधकाम विभागाचं. रस्त्यावर पाणी वाहतंय ते पाइप फुटून असेल तर पाणीपुरवठा विभाग, गटार उलटून असेल तर आरोग्य. लोक "गटाराचा प्रॉब्लेम" एवढंच लिहितात, अर्ज आरोग्यकडे जातो, तिथले कामगार येऊन गाळ काढून जातात, तुटलेली फरशी तशीच, आणि रेकॉर्डला मात्र "तक्रार निकाली". म्हणून बिघाड काय आहे ते नेमकं ओळखा.

सावधान: कुठला विभाग ते कळलं नाही तरी अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने द्या. नगराध्यक्ष किंवा नगरसेवकाच्या नावाने नको. प्रशासन मुख्याधिकारी चालवतात, कामाचा आदेश तिथून निघतो. निवडून आलेली बॉडी असो की प्रशासक बसलेला असो, हे बदलत नाही. नगरसेवकाला प्रत जरूर द्या, पाठपुराव्याला तो माणूस उपयोगी पडतो.

## टप्पा ३ : अर्जाआधी पुरावा गोळा करा

"पाणी नीट येत नाही" ह्या वाक्यावर कुठलाही अभियंता काही करू शकत नाही. त्याला दिवस, वेळ आणि जागा लागते.

पाणी कमी येत असेल तर निदान चार-पाच पाळ्यांची नोंद एका कागदावर ठेवा. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, आणि एक बादली (ती किती लिटरची ते लिहा) भरायला किती वेळ लागला. मग आजूबाजूच्या घरांत विचारा. सगळ्या गल्लीला कमी येत असेल तर मेन लाइन किंवा व्हॉल्व्हचा प्रश्न. फक्त तुम्हालाच कमी येत असेल तर बहुतेक वेळा तुमच्या जोडणीतच गाळ अडकलेला असतो किंवा फेरूलला (मेन लाइनला तुमची जोडणी जिथे बसवलेली असते तो भाग) अडथळा असतो, आणि मेन लाइनपासून घरापर्यंतचा पाइप बहुतेक ठिकाणी मालकाने दुरुस्त करायचा असतो. हे न बघता अर्ज दिला की व्हॉल्व्हमन येऊन शेजारचा नळ चालू करून दाखवतो आणि तक्रार तिथेच संपते. आणि हो, नळाला थेट मोटर लावली असेल तर प्रेशरची तक्रार करायला जाऊ नका, तपासणीला आलेला माणूस आधी तीच उचलून नेईल.

पाणी गढूळ किंवा वासाचं असेल तर कधी येतं ते महत्त्वाचं. सुरुवातीची थोडी मिनिटंच घाण येतं आणि मग साफ होतं, की शेवटपर्यंत तसंच? सुरुवातीलाच घाण आणि गटाराचा वास असेल तर पाइपला कुठेतरी गळती असण्याची शक्यता मोठी, कारण पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो आणि त्याच गळतीतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. जोडणी गटारातून गेली असेल तर हा संशय पहिला घ्या. पारदर्शक ग्लासात पाणी घेऊन पांढऱ्या कागदासमोर फोटो काढा, त्यात रंग दिसतो. बाटलीत भरून नेलेलं पाणी दाखवायला ठीक आहे पण तपासणीला चालत नाही. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो, म्हणून अर्जात "माझ्या नळावरून नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा आणि अहवालाची प्रत मिळावी" असं लिहा. जागेवर होणारी ओ.टी. टेस्टही मागा. पाण्यात द्रावण टाकलं की पिवळा रंग आला पाहिजे, म्हणजे क्लोरीन आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळापाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उर्वरित क्लोरीन सांगितलंय. रंगच आला नाही तर तो मुद्दा तिथल्या तिथे लिहून घ्यायला लावा.

दिवा, गटार, रस्ता ह्यासाठी फोटो पुरे, पण दोन काढा. एक जवळून, बिघाड दिसणारा. दुसरा लांबून, ज्यात शेजारचं दुकान, मंदिर, शाळा असं काहीतरी ओळखीचं दिसेल. नुसत्या खड्ड्याचा फोटो कुठल्याही गावातला असू शकतो. दिव्याच्या बाबतीत खांबावर रंगवलेला नंबर लिहून घ्या, नसेल तर "अमक्याच्या घरासमोरचा खांब".

रस्ता किंवा गटार नवीनच झालेलं असेल आणि लगेच उखडलं असेल तर एक गोष्ट आवर्जून शोधा, त्या कामाचा दोष दायित्व कालावधी संपलाय का. ठेकेदाराने त्या मुदतीत स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची असते, करारातच असतं. कामाच्या जागी बोर्ड असेल तर त्यावर ठेकेदाराचं नाव आणि तारीख मिळते, नसेल तर माहिती अधिकारात मागता येईल (टप्पा ७). हा मुद्दा अर्जात आला की "निधी नाही" हे उत्तर देता येत नाही.

## टप्पा ४ : फोन आणि अॅप

तातडीचं असेल तर आधी फोन. पाइप फुटून पाणी वाहून जातंय, चेंबरचं झाकण गायब आहे, मेलेलं जनावर पडलंय, असल्या गोष्टींना अर्ज लिहीत बसायचं नाही. फोन उचलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, तक्रार रजिस्टरला नोंद झाली का विचारा, नंबर मागा.

कचरा-सफाईच्या तक्रारींसाठी केंद्र सरकारचं स्वच्छता अॅप आहे, तिथे फोटोसकट तक्रार टाकता येते. बऱ्याच नगरपरिषदांनी स्वतःचा व्हॉट्सअॅप नंबरही दिलाय. वापरा, पण प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट ठेवा. अॅपवर "निराकरण झाले" असं आलं आणि कचरा तिथेच असेल तर त्याच दिवशीचा नवीन फोटो काढून तक्रार परत उघडा. दोन-तीन दिवसांत हललं नाही तर सरळ लेखी अर्ज.

## टप्पा ५ : अर्ज लिहिणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका अर्जात एकच विषय. पाणी, दिवा आणि कुत्री एका अर्जात लिहिली की तो कागद एका विभागाकडे जातो, तो विभाग आपल्यापुरतं बघतो आणि उरलेले दोन विषय त्याच्या फाइलीत झोपतात. तीन विषय असतील तर तीन अर्ज, तीन पोच.

लांबी एक पान. त्या पानात काय पाहिजे :

1. प्रति, मा. मुख्याधिकारी, अमुक नगरपरिषद. तारीख वरच.
2. विषय एका ओळीत, जागेसकट. "प्रभाग क्र. ४, जुन्या दवाखान्यामागील गल्लीतील गटाराची तुटलेली फरशी दुरुस्त करणेबाबत." नुसतं "नागरी समस्यांबाबत" असं लिहिलंत तर बारनिशीतल्या (आवक-जावकच्या टेबलावरच्या) माणसालाच कळत नाही कुठे पाठवायचं.
3. आधी काही तक्रार केली असेल तर संदर्भ म्हणून तिचा नंबर, तारीख.
4. काय बिघडलंय, कधीपासून, कोणाला त्रास. चार-पाच वाक्यं. इथे नोंदीतले आकडे टाका.
5. तुम्हाला नेमकं काय करून पाहिजे. हे लोक लिहीतच नाहीत! "योग्य ती कार्यवाही करावी" असं लिहिलं की कार्यवाही म्हणजे एक पत्र पाठवलं तरी झाली. त्याऐवजी "जागेची पाहणी माझ्या उपस्थितीत करावी, तुटलेल्या दोन फरश्या बदलाव्यात आणि केलेली कार्यवाही लेखी कळवावी" असं लिहा.
6. नाव, पूर्ण पत्ता, मोबाइल, मालमत्ता क्रमांक, पाण्याचा विषय असेल तर नळ ग्राहक क्रमांक. सही.
7. सोबत काय जोडलंय त्याची यादी, फोटोंवर तारीख टाकून.

घरपट्टी-पाणीपट्टीच्या शेवटच्या पावतीची झेरॉक्स जोडा. सार्वजनिक गटाराच्या तक्रारीला तुमच्या थकबाकीचा खरं तर संबंध नाही, पण काउंटरवर पहिला प्रश्न तोच येतो आणि वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं.

भाषेचं म्हणाल तर साधी ठेवा. "भ्रष्ट कारभार", "झोपलेले प्रशासन", "अन्यथा तीव्र आंदोलन" हे सगळं पहिल्या अर्जात नको. राग खरा असतो, मान्य, पण ज्याच्या टेबलावर कागद जाणार तो कनिष्ठ अभियंता किंवा लिपिक असतो, आणि आरोप वाचल्यावर तो दुरुस्तीचा विचार करायच्या आधी स्वतःचा खुलासा लिहायला घेतो. कायद्याची दहा कलमं टाकायचीही गरज नाही. निनावी अर्ज तर देऊच नका, तो बाजूलाच पडतो.

सगळ्या गल्लीचा अर्ज असेल तर चांगलंच, पण एक माणूस संपर्कासाठी ठरवा आणि प्रत्येक सहीपुढे नाव आणि घर नंबर असू द्या. आणि सह्या घेताना मजकुराचं पानही सोबत फिरवा, नाहीतर नंतर कोणीतरी म्हणतं मला माहीतच नव्हतं कशावर सही केली.

तपासून घ्या: गावाबाहेरच्या माणसाला अर्ज वाचायला द्या. फक्त वाचून तो त्या जागेवर पोचू शकेल का? नसेल तर पत्ता परत लिहा.

## टप्पा ६ : अर्ज देणे, पोच घेणे, मागे लागणे

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावकला किंवा नागरी सुविधा केंद्रात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक नंबर घ्यायचा. नुसता गोल शिक्का म्हणजे अर्धी पोच, नंबर पाहिजेच. "साहेब नाहीत, उद्या नंबर टाकतो" म्हणाले तर नम्रपणे तिथेच थांबा, आवक करायला साहेब लागत नाहीत.

अर्ज घेतच नसतील तर पोस्टाने पाठवा. रजिस्टर एडी सगळ्यांच्या तोंडात बसलंय, पण १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिळवलंय, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्ट आणि सोबत डिलिव्हरीची पोच असं मागा. पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट एकत्र ठेवा.

मग काय करायचं? लोक एकतर दुसऱ्याच दिवशी भांडायला जातात नाहीतर सहा महिने विसरतात. साधारण आठवड्याने आवक-जावकला जाऊन विचारा की ह्या नंबरचा अर्ज कुठल्या विभागाकडे गेला, कोणाच्या टेबलावर आहे, काय शेरा आहे. मग त्या माणसाला जाऊन भेटा. सकाळी हे लोक साइटवर असतात, म्हणून आधी फोन करून वेळ विचारा. पाहणीची तारीख मागा आणि त्या दिवशी स्वतः जागेवर हजर राहा. कितीतरी पाहण्या चुकीच्या चेंबरजवळ उभं राहून होतात.

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर स्मरणपत्र. त्यात नवीन काही लिहायचं नाही, आधीचा आवक नंबर, तारीख, आणि "अद्याप कार्यवाही झालेली नाही" एवढंच. हेसुद्धा पोच घेऊनच. पहिल्या अर्जाची झेरॉक्स जोडा, कारण "तो अर्ज सापडत नाही" हे ऐकायला मिळणारच.

सावधान: प्रत्येक वेळी नवीन अर्ज देऊ नका. नवीन अर्ज म्हणजे नवीन आवक नंबर, आणि मग उशीर मोजायचा तर शेवटच्या तारखेपासून मोजतात. जुन्या नंबरालाच धरून राहा.

## टप्पा ७ : वर कधी आणि कसं जायचं

पहिला अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांना किंवा मंत्र्यांना देणारे बरेच असतात. तो फिरून परत नगरपरिषदेतच येतो, "आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी" असा शेरा घेऊन, आणि मधले आठवडे गेले ते गेले. वर जायचं तर हातात पहिला अर्ज आणि स्मरणपत्र, दोन्हींची पोच असू द्या.

माहिती अधिकार. माझ्या मते स्मरणपत्रानंतरचं सगळ्यात उपयोगी हत्यार हेच. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत ही अट आहे, ती पाळा. "का केलं नाही?" असं विचारू नका, त्याला "माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं. कागद मागा :

- माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची, शेऱ्यांसह, प्रत
- पाहणी झाली असल्यास पाहणी अहवालाची प्रत
- रस्त्याचं काम असेल तर कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतली संबंधित पानं आणि दोष दायित्व कालावधी दाखवणारा कराराचा भाग

प्रतींना पानामागे २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, ते नगरपरिषदेतल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, पण तिथे भरपूर वेळ लागतो, त्यावर अवलंबून राहू नका. अनेकदा माहिती अर्ज पोचला की कोणीतरी जागा बघायला येतंच, कारण रिकाम्या फाइलीची प्रत द्यायला कोणालाच आवडत नाही.

लोकसेवा हक्काचं अपील. विषय अधिसूचित सेवेतला असेल (टप्पा १ मध्ये काढून ठेवलेला बोर्डाचा फोटो आता बघा) आणि मुदत उलटली असेल तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र सेवेचा अर्ज रीतसर, पूर्ण कागदपत्रांसह आणि पोच घेऊन दिलेला असला तरच हे चालतं.

लोकशाही दिन. तालुक्याला महिन्याचा तिसरा सोमवार, जिल्ह्याला पहिला सोमवार. अर्ज १५ दिवस आधी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत. आधी तालुका, मग जिल्हा. इथे फक्त वैयक्तिक तक्रार घेतात, गल्लीच्या सह्यांचा अर्ज नेला तर परत येतो, म्हणून "माझ्या घरासमोरील" असा स्वतःच्या नावाने लिहा. न्यायालयात चालू असलेला विषय आणि माहिती अधिकाराची प्रकरणं तिथे घेत नाहीत.

जिल्हाधिकारी कार्यालयातली नगरपालिका प्रशासन शाखा. मुख्याधिकारीच दाद देत नसतील तेव्हा इथे. सगळ्या पोचा तारखेप्रमाणे लावून, वर एक पानाचं पत्र.

आरोग्याला खरंच धोका असेल, म्हणजे उघड्यावर सांडपाणी साचलंय वगैरे, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुनं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३) कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव दूर करायचा अर्ज करता येतो. ह्याला वकिलाचा सल्ला घ्या. नगरपरिषदेने निधी नसल्याचं कारण सांगितलं तर रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच सांगितलंय की पैसे नाहीत म्हणून गटार-स्वच्छतेची कायदेशीर जबाबदारी टाळता येणार नाही. पण हे पहिल्या अर्जात नको, इथे वापरा.

## टप्पा ८ : बिलाची तक्रार वेगळी धरा

सेवा नीट मिळत नाही म्हणून पाणीपट्टी भरायची नाही, असा सल्ला चौकात फुकट मिळतो. तो ऐकू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) चढते, जानेवारी ते मार्च वसुलीची मोहीम असते तेव्हा जोडणी तुटते, आणि परत जोडायचा खर्च वेगळा. शिवाय तुमच्या मूळ तक्रारीला "अर्जदार थकबाकीदार आहे" असा शेरा लागतो.

बिल चुकीचं वाटत असेल तर मागच्या दोन-तीन वर्षांच्या पावत्या शेजारी ठेवून नेमकी कुठली रक्कम वाढली ते बघा. बऱ्याचदा चालू मागणी बरोबरच असते, मागच्या वर्षीचा भरणा जमा दाखवलेला नसतो, आणि तसं असेल तर पावतीची झेरॉक्स वसुली विभागात दाखवली की काम होतं. अनेक लहान गावांत पाणीपट्टी मीटरवर नसते, नळाच्या आकारावर वर्षाची ठोक असते, त्यामुळे "घर महिनाभर बंद होतं" हा मुद्दा तिथे चालत नाही. घर कायमचं बंद असेल तर जोडणी रीतसर तात्पुरती बंद करून घ्या.

वाद मोठा असेल तर "हरकत राखून भरणा करत आहे" असं पत्र पोच घेऊन द्या आणि पैसे भरा. घरपट्टीची फेरआकारणी झाली असेल तर नोटिशीत हरकतीची मुदत दिलेली असते, तेवढ्या दिवसांतच लेखी हरकत घ्यायची. ती मुदत गेली की नंतर बिल हातात घेऊन कितीही चकरा मारा, सुनावणी होऊन गेलेली असते.

## टप्पा ९ : काम झालं म्हणतात तेव्हा

कामगार आले, काहीतरी केलं, निघून गेले. लगेच खूश होऊन सही देऊ नका. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही मागत असतील तर आधी बघा. गटार असेल तर वरच्या बाजूने दोन-चार बादल्या पाणी ओता आणि ते खालच्या चेंबरपर्यंत वाहतंय का पाहा. काढलेला गाळ गटाराच्या काठावरच टाकलाय का? तोच पहिल्या पावसात परत आत जातो, तेव्हा तो उचलणं हासुद्धा कामाचा भाग आहे हे तिथेच सांगा. पाइप जोडला असेल तर पुढच्या पाण्याच्या पाळीपर्यंत थांबा, कोरड्या पाइपवर गळती कळत नाही, आणि खोदलेला खड्डा बुजवून रस्ता पूर्ववत केला का तेही बघा. दिवा असेल तर रात्री दोनदा नजर टाका. पाण्याच्या गुणवत्तेची तक्रार असेल तर दुरुस्तीनंतरच्या नव्या नमुन्याचा अहवाल मागा, जुन्या अहवालावर समाधान मानू नका.

अर्धवट असेल तर कागदावर "अंशतः काम झाले, अमुक बाकी" असं स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करा आणि त्याचा फोटो घ्या. तक्रार निकाली काढल्याचं पत्र घरी आलं आणि काम झालेलंच नसेल तर आठवडाभरात त्या पत्राचा जावक क्रमांक टाकून, नवीन फोटो लावून लेखी हरकत द्या. आणि काम खरंच नीट झालं असेल तर तसं दोन ओळींचं पत्र मुख्याधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, आणि सगळे कागद एकाच फाइलीत लावून ठेवा, तीच जागा पुढच्या वर्षी परत बिघडली तर संदर्भ म्हणून ह्याच फाइलीतला पहिला आवक नंबर टाकायचा आहे.